सटकेरावांचं ‘येतो’

सटकेराव हे त्यांचं आडनाव नव्हे. डोकं सटकलेला माणूस असाही त्याचा अर्थ घेऊ नये, कारण डोकं त्यांचं अगदी जागेवर होतं. जागेवर नसत ते स्वतः. ‘तुमच्याशी जरा बोलायचं होतं’ एवढं कुणी म्हटलं, की वाक्य संपायच्या आत समोरची खुर्ची रिकामी. बायकोने वैतागून ठेवलेलं हे नाव आधी घरात रुळलं, मग गल्लीत, आणि शेवटी गिऱ्हाइकंसुद्धा तोंडावर सटकेराव म्हणू लागली. त्यांनी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची म्हणजे थांबून बोलावं लागतं.

त्यांचं दुकान जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवून देण्याचं. हातात अशी कला, की खचलेली आरामखुर्ची त्यांच्याकडून परत आली की घरातली माणसं तिच्यावर बसायला कचरत. कापड ठोकायला जे बारीक खिळे लागतात त्यांना या धंद्यात चुका म्हणतात, आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून कारागीर त्या ओठांत धरतो. ही सोय देवाने खास आपल्यासाठी केली असावी असं सटकेरावांना वाटे. ‘आमचा सोफा कधी?’ असं विचारत कुणी पायरी चढलं, की ते मूठभर चुका तोंडात टाकत आणि ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’चा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावा. लोक दुसऱ्यांच्या चुका पोटात घालतात. हे गृहस्थ आपल्या चुका ओठांत धरून संसार रेटत होते.

आळशी म्हणाल तर तसंही नव्हतं. सोफ्याशी ते दिवसभर झटत. पण एखादं माणूस आपल्यावर विसंबून आहे म्हटलं की त्यांना धडकी भरे. ‘हो’ म्हणावं, तर ऐनवेळी जमलं नाही तर काय? ‘नाही’ म्हणावं, तर समोरचा चेहरा आत्ताच पडणार. या दोन्हींच्या मधे त्यांना नेहमी एक दार दिसे, आणि त्या दारातून ते बाहेर पडत. एखाद्या समारंभातून काढता पाय घ्यायचा तर खुर्चीवर छत्री ठेवून जात, म्हणजे स्वारी इथेच कुठेतरी आहे असं लोकांना वाटे. घरातल्या छत्र्या अशा गावभर पांगल्या होत्या.

त्यांना एक थोरली बहीण होती. आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेच्या दारापर्यंत फरफटत नेलं. आता ताई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहत होती आणि तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. कळ आली की ती भिंत धरून खाली बसे. आणखी चालढकल केलीत तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण ऑपरेशन दोनदा ठरून दोनदा रद्द झालं होतं. नात्यातलं कुणी सोबत असल्याशिवाय इस्पितळ पेशंटला आत घेत नसे, आणि ताईबरोबर येणारं माणूस दर वेळी ऐन सकाळी येत नसे. ते माणूस कोण, हे विचारायची सटकेरावांची छाती नव्हती.

रविवारी दुपारी बायकोने त्यांना जवळजवळ दंडाला धरून ताईकडे नेलं. चहा झाला. कप खाली ठेवत ताईने विचारलं, ‘मग उद्या सकाळी माझ्याबरोबर कोण येतंय?’

खोलीत माणसं तीन. त्यातली एक पेशंट, आणि बायकोची शाळेतली नोकरी सकाळची. सटकेरावांनी खिशातला मोबाइल काढला, न वाजलेला फोन कानाला लावून काढला, एक पाय चपलेत सरकवला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, ‘बरं, येतो मी.’

आपल्याकडे निघणारा माणूस ‘येतो’च म्हणतो. ‘जातो’ म्हणणं बरं दिसत नाही. पण त्या दिवशी ताईने तो शब्द वरच्यावर झेलला.

‘ऐकलंस ना?’ ती भावजयीला म्हणाली. ‘भाऊ येतोय माझा.’

‘ऐकलं तर,’ बायको म्हणाली. ‘चांगलं स्पष्ट ऐकलं.’

सटकेराव एका पायात चप्पल घालून उभे राहिले. मी निघतो या अर्थाने म्हणालो, असं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढं सांगायचं म्हणजे ‘नाही’ म्हटल्यासारखंच. संध्याकाळी त्यांना खोकला झाला. बायको म्हणाली, ‘उद्या इस्पितळातच आहात, दाखवून घ्या.’ मग कंबर धरली, मग डोळ्यांपुढे अंधारी आली. पण ज्या ज्या दुखण्याचं नाव घ्यावं, त्याचा डॉक्टर नेमका त्याच इमारतीत बसत होता. शेवटी त्यांनी एका गिऱ्हाइकाचं तातडीचं काम काढलं. बायकोने तिथल्या तिथे त्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, ‘एवढी वर्षं जमिनीवर बसलो, आणखी एक दिवस बसू.’

सोमवारी ताईला आत पोचवायचं आणि सटकायचं, असा बेत करून सटकेराव इस्पितळात शिरले. शिरता शिरता नजरेने दारं हेरून घेतली: पुढचं मोठं, कँटीनच्या बाजूचं, आणि कपडे धुण्याच्या खोलीतून मागे उघडणारं. ताईला वॉर्डात पलंग मिळाला. नर्सने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘म्हणजे ते भाऊ तुम्हीच का? आलात एकदाचे.’

हे ‘एकदाचे’ सटकेरावांना कळलं नाही. ताईचा चेहराही त्यांना जरा चमत्कारिक वाटला. भाऊ आल्याचा आनंद त्यावर कुठे दिसेना. नर्स वळताच ताई म्हणाली, ‘बाथरूमला जाऊन आलेच हं.’ उशीवर चष्म्याचं घर ठेवून ती गेली.

सटकेराव खुर्चीत बसले आणि निवांत मनाने आपल्या निघण्याचा विचार करू लागले. एवढ्यात त्यांची नजर त्या चष्म्याच्या घरावर गेली. त्यांनी ते उघडलं. आत चष्मा नव्हता. पलंगाखाली पाहिलं, तर बाहेरच्या चपलाही नव्हत्या. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असली छत्री ठेवून ते स्वतः जन्मभर निसटत आले होते.

पुढच्या दाराशी रखवालदार, कँटीनशी गर्दी. ते सरळ मागे धावले. धुण्याच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर ताई धापा टाकत बसली होती. वरच्या कडीपर्यंत तिचा हात पुरत नव्हता.

‘इथे आहे हे तुला कसं कळलं?’

‘मी असतो तर इथूनच गेलो असतो.’

ताईला हसू आलं आणि हसताहसताच रडू फुटलं. ‘तू खरंच येशील असं वाटलं नव्हतं रे. काल तू निघायचं म्हणून ‘येतो’ म्हणालास, ते मला कळलं नाही होय? पण म्हटलं, याचंच नाव सांगावं. हा काही यायचा नाही. मग आपोआप टळेल.’

‘आणि आधीच्या दोन वेळा?’

‘तेव्हाही तुझंच नाव दिलं होतं. तुला विचारलंसुद्धा नव्हतं.’

नर्सचं ते ‘एकदाचे’ सटकेरावांना आता कळलं. सबंध इस्पितळ त्यांना न येणारा भाऊ म्हणून ओळखत होतं. ज्या बहिणीने त्यांना वाढवलं, तिने त्यांच्या न येण्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. तो विश्वास तिच्या जिवावर उठला असता.

‘भीती वाटते रे मला,’ ताई म्हणाली. ‘भूल दिल्यावर उठलेच नाही तर?’

‘मलाही वाटते.’

‘मग काढ की कडी. दोघं जाऊ घरी.’

कडी सटकेरावांच्या हाताशी होती. खरं सांगायचं तर हात वरही गेला होता. तो त्यांनी खाली घेतला आणि ताईपुढे धरला.

‘ऊठ. आत जाऊ. मी बाहेर बसतो.’

‘बसशील?’

तोंडात एकही चूक नव्हती. ‘हो,’ ते म्हणाले. एवढासा शब्द, पण तो बाहेर काढताना त्यांना घाम फुटला.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला आणि सटकेराव बाहेरच्या बाकावर बसले. कुणीही येऊन ‘पेशंटबरोबर कोण?’ म्हटलं की ते ताडकन उभे राहत. एकदा तर दुसऱ्याच पेशंटसाठी उभे राहिले आणि त्या पेशंटच्या औषधांची माहिती मान डोलावत ऐकून घेतली. चहाला जाऊन या, असं नर्स म्हणाली, तरी ते हलले नाहीत.

दुपारी ताईने वॉर्डात डोळे उघडले. जीभ अजून जड होती.

‘आहेस?’

‘आहे.’

‘झालं ना सगळं?’

‘झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालं.’

‘मग जा आता,’ ताई पुटपुटली. ‘सुटलास.’

सटकेरावांनी खुर्ची पलंगाला आणखी चिकटवली.

‘कुठे जाऊ?’