मुतखड्याला नारळ

मुळशी तालुक्यात माझ्या घनापुढं टिकंल असा दगूड अजून जल्माला आला न्हाई. तसलाच एक माझ्या डाव्या किडनीत जाऊन बसला आन् त्यानं मला गुरागत हंबराय लावलं.

हिंजवडीत कंपन्यांच्या काचा चढत व्हत्या तवाची गोष्ट. मी तिथनं जवळच्याच जांबे गावचा. साळंचं तोंड बघितलं ते फक्त तिचा पाया खांदताना. तीस वरसं पहार-घन घिऊन हिरी खांदल्या, कातळ फोडलं. मुतखडा झाला तवा गावानं सांगितलं ते समदं केलं. कुळथाचं पानी प्यालो, केळीच्या खुटाचा रस प्यालो. (रेड्याला पाजला असता तर दावं तोडून गेला असता.) खडा जागचा हालंना. शेवटी शेहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डाक्टरीणबाईंनी फोटू उजेडात धरला. आल्याच्या गड्ड्याला फुटावं तसं खड्याला फाटं फुटल्यालं.

"मामा, किडनी सुजलीय. हा खडा रोबोनं काढू. पोटाला चार बारीक भोकं पडतील, बास."

तारीख दिली. त्या दिवशी मी कासारसाईला मेव्हण्याकडं जाऊन खेकडं धरीत बसलो. दुसरी तारीख देताना बाई हसल्या न्हाईत. म्हनल्या, "आता पळालात तर खडा नाही, किडनीच काढावी लागेल."

आमच्या खोलीत भाड्यानं ऱ्हानारा वैभव अमरावतीकडचा, कंपूटरवाला. त्याला इचारलं, "रोबो म्हंजी काय रं?"

"काका, चार हातांची मशीन असते. डॉक्टर बाजूले बसून चालवते. तुमाले हातबी लावत नाही."

"आन् तिची नजर कुटं असती?"

"डॉक्टरच एका डब्यात डोकं घालून पाहते जी. काऊन भेता?"

(डब्यात डोकं घालून आमचं कुत्रं फिरतं. त्याला फुडचं कायबी दिसत न्हाई, भितीला जाऊन धडाकतं.)

पन माझं खरं भ्या येगळंच व्हतं. आमच्यात कातळावर पयला घाव घालायच्या आदी त्याला हळद-कुकू लावायचं, नारळ फोडायचा आन् म्हनायचं, "बाबा, तुजी जागा मोडतुया, राग धरू नगंस." न इचारता फोडला का दगूड उडून सूड घेतो. माझ्या चुलत्याचा डोळा तसाच गेला. आन् ह्यो तर माझ्याच आत. उडाला तर जानार कुटं?

म्हनून मी घरनंच बायकूच्या, कौसाच्या, पिशवीत तळाला नारळ घातल्याला. आपरेशनच्या सकाळी त्यो हळूच काढला, चादरीखाली पोटाशी धरला आन् शान्या मानसागत स्ट्रेचरवर निजलो.

सिस्टरनं सुई टोचली. "मामा, जरा गुंगी येईल हं."

आली. छताचं दिवं एकामागं एक वरनं जायाला लागलं, सांजंला धरनावरनं बगळ्यांची माळ जाती तसं. समदं पांढरं, मऊ. वाटलं, आता कायबी झालं तरी बरंच वाटंल.

तेवढ्यात सिस्टरचा आवाज चढला. "मॅडम, पेशंटचं पोट फुगलंय. डावीकडं मोठा गोळा आहे."

दोन तरनं डाक्टर पळत आलं. एकानं चादरीवरनं बोटानं वाजवलं. टकटक. त्यानं दुसऱ्याकडं बघितलं. "असं कधी ऐकलंयस?"

"पुस्तकात तर नाहीये."

बाईंनी चादर उचलली. नारळाची शेंडी माझ्याकडं बघत व्हती, मी तिच्याकडं.

"हे काय आहे?"

"नारळ," मी म्हनलं. खोटं बोलायची ताकदच ऱ्हायली नव्हती. मग चुलत्याच्या डोळ्यापातूर समदं सांगितलं. जीभ गोधडीत गुंडाळल्यागत झालती.

"थिएटरमध्ये नारळ येणार नाही. मामींकडं द्या, त्या बाहेर फोडतील."

"ज्याचा दगूड, त्यानंच फोडायचा आस्तो."

"मग आजची वेळ मी दुसऱ्या पेशंटला देते."

किडनी का नारळ? मी निजल्या निजल्या भितीवर नेम धरला आन् हानला. माझ्या मनानं लई जोरात हानला. त्यो नुस्ता हातातनं सुटला आन् गुळगुळीत फरशीवरनं घरंगळत निघाला. सावकाश, बोहल्याकडं निघाल्याल्या नवरीगत. मानसं बाजूला सरली. फुडं लिफ्टचं दार उघडं व्हतं. नारळ आत गेला, दार लागलं, लिफ्ट खाली गेली. मलाबी त्याच्याबरूबर जावंसं वाटलं.

कौसा म्हनली, "ह्यांला न्या आत. नारळाचं म्या बघती."

मग मी कासारसाईच्या पान्याकडंला बसलोय. धुकं पडल्यालं. पान्यातनं चार हातांचा खेकडा आला आन् माझ्या पोटावर बसून खडं येचाय लागला, बाया तांदूळ निवडत्यात तसा. एक उचलायचा, उजेडात बघायचा, बाजूला ठिवायचा. शेजारी माझा मेल्याला बाप बिडी वढीत बसल्याला.

"आबा, न इचारता काढतोय की ह्यो."

आबानं धूर सोडला. "काढंना का. हात बघ कसा हलका हाय. तुला कदी जमलं न्हाई असं."

(सपनातबी आपली हीच किंमत.)

जाग आली तवा बाई शेजारी उभ्या. खडा समदा निघाल्याला, किडनी शाबूत. नारळ कौसानं खालच्या पायरीवर फोडला व्हता आन् निम्मं खोबरं लिफ्टवाल्यानं खाल्लं व्हतं.

आठ दिसांनी मानसं बघाय आली. मी उशीला टेकून सांगत व्हतो, "यंत्र काय करतंय? मी आतनं श्वास धरला, अंग ढिलं सोडलं, दगडाला दम भरला. तवा कुटं त्यो सुटला. किडनी वाचवायला जिगर लागती."

समदी माना हालवत व्हती. कौसानं च्याचं कप ठिवलं.

"किडनी वाचली ती ह्ये झोपल्यालं व्हतं म्हनून," ती म्हनली.