शिडावरचा ठिपका

आज सुतारानं चौकटीसाठी सरस तापवला आणि त्या उग्र वासानं मला सोलापूरच्या आमच्या चाळीत नेऊन बसवलं. दुष्काळ नुकताच सरला होता. आमचे हे गिरणीत मागावर होते. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता, तरी एका चित्रावरून हे सागवानाचे तुकडे सरसानं जोडून शिवकाळातलं छोटं गलबत घडवत होते.

त्या सुट्टीच्या दुपारी मी जुन्या धोतराचं शीड शिवून दिलं. ह्यांनी ते डोलकाठीला बांधलं आणि "बघ, वारं आलं," म्हणत जोरात फुंकर मारली. शीड टम्म फुगलं. मी टाळ्या पिटल्या, तोच ह्यांना खोकल्याची ढास लागली. ती थांबली तेव्हा पांढऱ्या शिडावर लाल ठिपका होता.

"काय हो हे?"

ह्यांनी शीड झटकन उलटं फिरवलं. "सकाळी पान खाल्लं हुतं की. रत्नागिरीला नेऊन खरं गलबत दावतो तुला."

हे कधीच पान खात नसत. तरी मी "व्हय" म्हणाले आणि हसले. तेही हसले.

पावसाळ्याआधीच हे गेले. तेव्हा वाटलं होतं, मला फसवताहेत. आता वाटतं, धीर धरायला त्यांनाच "व्हय" म्हणणारं कुणीतरी हवं होतं.