बत्तीस डाव्या बाह्या

बँडवाल्यांचे सोळा कोट शिवायचे होते. थोरल्या सुनेने बाह्या जोडायला घेतल्या आणि तिचा हात मशीनवरच थांबला. तिने सगळा गठ्ठा उपसून पाहिला. बत्तीस बाह्या, आणि सगळ्या डाव्या हाताच्या. उजवी औषधालाही नाही.

बाह्या कापल्या होत्या मास्तरांनी. मास्तर म्हणजे तिच्या सासूबाई. नवरा गेल्यावर कात्री त्यांच्या हातात आली आणि कात्रीबरोबर त्याची पदवीही. पुढे दुकान, मागे दोन मुलांची बिऱ्हाडं, आणि सगळ्यांवर मास्तरांचा शब्द. कोणत्या नातवाने काय शिकायचं, रुसलेल्या जावयाला कोणी आणायचं, हे सारं कापायच्या टेबलापाशी ठरे. गल्लीतली भांडणंही तिथेच येत. कोर्टापेक्षा इथे लवकर सुटतात, असं लोक म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

मास्तरांनी एक बाही उचलून बोटांत चोळली आणि काय झालं ते त्यांना कळलं. या कापडाच्या सुलट बाजूला अगदी किंचित चकाकी होती. थर पसरताना सुलटीला सुलट लावायची, म्हणजे कापताना डावी-उजवी जोडी निघते. हे थर सगळे एकाच तोंडाने पसरलेले. पसरले होते सुनेने. पण कात्री लावण्याआधी प्रत्येक थर बोटाने चाचपायचा, हा मास्तरांचा स्वतःचा शिरस्ता. त्या दिवशी जावयाचं गाऱ्हाणं ऐकता ऐकता त्यांनी तशीच कात्री चालवली होती.

कापड वहिनीने पसरलं, तेव्हा चूक वहिनीची, असं म्हणून धाकटा मुलगा मोकळा झाला.  मास्तरांनी नुसती मान हलवली असती तरी प्रकरण मिटलं असतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांच्याही मनात ते आलं. कारण या घरात एक नियम होता. कापड वाया घालवील त्याने वर्षभर कात्रीला हात लावायचा नाही. थोरल्याने तरुणपणी एका गिऱ्हाइकाचे कोट आखूड कापले, तेव्हा त्याला वर्षभर बटणं लावायला बसवलं होतं. नुकतं लग्न झालेलं पोर, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मान खाली घालून बसायचं. सगळ्यांनी रदबदली केली, पण बाई हलली नाही.

आता कात्री गेली की शब्दही जाईल, ही त्यांची भीती. सत्तरीच्या बाईला रिकाम्या हाताने कोण विचारतं?

त्यांनी कात्री सुनेच्या पुढ्यात सरकवली.

"पसरताना चूक होते. बघायचं काम कापणाऱ्याचं. वर्षभर आता तू काप."

नियम पोरांसाठी होता, तुझ्यासाठी नाही, असं धाकटा समजावत राहिला. मास्तर बटणांचा डबा घेऊन थोरला तेव्हा बसायचा त्या खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. माणसं सल्ला विचारायला येत, टेबलापाशी घुटमळत आणि परत जात. नातीच्या कॉलेजची चर्चासुद्धा आतल्या खोलीत, हळू आवाजात झाली. मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना फार लागलं होतं.

शनिवारी दुकान आवरल्यावर थोरला त्यांच्याजवळ फरशीवर येऊन बसला आणि सुयांत दोरा ओवून देऊ लागला.

"तू कसं काढलंस रे ते वर्ष?" मास्तरांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"रोज सकाळी वाटायचं, आज बोलावशील."

मास्तरांनी हातातलं बटण खाली ठेवलं. ते सबंध वर्ष त्यांनी त्या स्टुलाकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर आपण विरघळू, म्हणून. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, ते आता त्याला सांगितलं. थोरल्याने बाहीने डोळे पुसले.

"मग मी बोलावतो, आई. चल, उठ. पुरे झालं."

"उठावंसं वाटतंय रे," त्या म्हणाल्या. "पण मी उठले तर तुझं ते वर्ष फुकट जाईल."

 थोरल्याने आणखी एक सुई ओवली. मग स्टुलाजवळ सरकून विचारलं, "आई, पोरीला कुठल्या कॉलेजात घालायचं?"