माझ्या काळातलं पाणी

मी भर सभेत माइकवरून सासूबाईंची लाज काढली, आणि त्या पहिल्याच रांगेत हातात नारळ घेऊन बसल्या होत्या.

खरवईतला आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव. आधीची पाच वर्षं सासूबाईच नगरसेविका होत्या. मग त्यांचे गुडघे गेले आणि तिकीट मला मिळालं. मतं त्यांची, नाव माझं. महिनाभरात गल्लीतल्या नव्या पाइपलाइनचं उद्घाटन आलं. तिची मंजुरीही त्यांनीच खेटे घालून आणलेली. पण हातात माइक आला की माणसाचं (निदान माझं) डोकं वेगळं चालतं. मी म्हणाले, "माझ्याआधी इथे नळाला नुसती हवा यायची. मी आले आणि पाणी आलं!"

मी टाळ्यांसाठी थांबले. एकही वाजली नाही. अख्खी गल्ली सासूबाईंकडे बघत होती. त्यांनी नारळ शेजारणीच्या मांडीवर ठेवला आणि गुडघे धरत उठून चालू लागल्या.

घराकडे माझे पाय उचलेनात. नवऱ्याने वाटेतच जाहीर केलं, की त्याला वांगणीला बहिणीकडे तातडीचं काम निघालंय. (कसलं, ते त्यालाही आठवत नव्हतं.) मी चपला हातात घेऊन चोरासारखी आत शिरले. भांडी आपटतील, माझं माहेर काढतील, एवढी तयारी होती. सासूबाई स्वयंपाकघरात वाल सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मॅडम, भात आता वाढू, का मीटिंग हाय तुमची?"

वीस वर्षांत त्यांनी मला 'गो' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्या 'मॅडम'ने मला ताप भरला. आता नातीला हे सांगते तेव्हा ती लोळून हसते. तिला तो आवाज ऐकवता येत नाही.

दुसऱ्या सकाळी नळ नुसता फुसफुसला. तिसऱ्या सकाळी तेवढंही नाही. आठ वाजता गल्लीतल्या बायका आमच्या दारात आल्या. एकेक जण रिकामा हंडा पायरीवर ठेवून बाजूला उभी राहत होती. आता खुर्ची जाणार, बहुतेक घरही जाणार, असं वाटून मी न्हाणीघरात लपले. तिथेही पाणी नव्हतं.

शेवटी शेजारच्या सुमनकाकूंनी मागच्या खिडकीतून मला शहाणं केलं. आमची गल्ली लाइनच्या अगदी शेवटाला. सासूबाई रोज सकाळी वॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला फोन करायच्या, अधूनमधून डबाही पाठवायच्या, म्हणून तो पंधरा मिनिटं जास्त पाणी सोडायचा. मी निवडून आल्यावरही करत होत्या. सभेपासून तो फोन बंद होता.

मी जाऊन त्यांचे पाय धरले. त्यांनी निवांत हातातला वाल सोलला. मग डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि आधीच शिजलेलं वालाचं बिरडं भरून तो माझ्यापुढे सरकवला. "फोन मी नाय करायची. टाकीवर बसलाय तो. जा, आन् नीट बोल."

गेले. डोक्यावर पदर, हातात डबा. टाकीच्या भिंतीवर माझं हात जोडलेलं भलंमोठं पोस्टर होतं आणि बरोबर त्याच्याखाली तो माणूस बसला होता. मी पोस्टरसारखेच हात जोडले. आमच्या गल्लीत पाणी सोडा म्हणून गयावया केली. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि खूश होऊन म्हणाला,

"आईंना सांगा, आत्ता सोडतो. तुम्ही काय, नवीनच लागलात त्यांच्याकडे कामाला?"