माझं न्हाई आत पोचलंच नव्हतं

मी चौथीतून शाळा सोडली. सोडली म्हणजे, दुसऱ्याच्या खोडीपायी मास्तरांनी मला कान धरून उभं केलं. मी जो घरी आलो तो परत गेलोच नाही. वडलांनी मारलं, आई रडली, पण नाही गेलो. तेव्हापासून माझं एक आहे, एकदा न्हाई म्हणालो की न्हाई. अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणालाबी विचारा, ह्या म्हाताऱ्यानं शब्द फिरवला असं कुणी सांगणार नाही. म्हणून त्या दिवशी जे कानानं ऐकलं, त्यानं मी असा हबकलो की अजून सावरलेलो नाही.

आधी आमच्या घरची रीत सांगतो. आमच्यात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही, आणि सूनबी सासऱ्याला तोंड वर करून काही विचारत नाही. माझी आई माझ्या आजोबांशी बोललेली मी कधी ऐकली नाही. जे काय सांगायचं ते सासूच्या हाती. मी दारापुढल्या वट्ट्यावर बसतो, सैपाकघर पार मागं. मला काही म्हणायचं असलं की मी बायकोला सांगणार, ती आत जाऊन सुनेला सांगणार, आणि सुनेचं उत्तर घेऊन परत वट्ट्यावर येणार. मुलगा लातूरला नोकरीला, तो रविवारचा पाहुणा. त्यामुळं घर चालायचं ते ह्या निरोपांवर.

सून नांदेडची. एम.ए. होऊन आलेली. लग्नानंतर तिनं नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी. धरली. विषय काय, तर माणसं बोलताना एकमेकांचं कसं समजून घेतात. मी बायकोला म्हणालो, "ह्यात शिकायचं काय हाय? एक बोलतो, दुसरा ऐकतो. माझ्या बैलालाबी कळतंय मी काय म्हणून राहिलो ते. म्हणावं, न्हाई करायचं असलं काही." बायको आत गेली, परत आली, आणि म्हणाली, "ती म्हणती, मामांचा शब्द मला मोठा हाय. पण नाव नोंदलंय, आता सोडलं तर घराची इज्जत जाईल." आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या. इज्जतीचं ऐकल्यावर मी गप बसलो. पोरगी समजूतदार हाय म्हणालो.

मधी वट्ट्यावरच्या बटनाला सुनेचा फोन चार्जिंगला लावलेला दिसायला लागला. रोज. मी बायकोला विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "आतलं बटन जळालंय." मी सोडून दिलं.

सोयाबीन काढून झाल्यावरची गोष्ट. दुपारी मी तंबाखू मळत बसलो होतो. बायको अंगणात तूर पाखडत होती. सून बाहेर आली, डोक्यावर पदर, हातात फोन. मी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर सून म्हणाली, "आत्यांना नका बोलावू, मामा. मला तुमच्याशीच बोलायचंय."

मला वाटलं कुणीतरी गेलं. नाहीतर ही अशी समोर येईल कशाला?

ती पायरीवर बसली. म्हणाली, "मी घरातलं बोलणं रेकॉर्ड करत होते, अभ्यासासाठी. वट्ट्यावरचं ह्या फोनात, सैपाकघरातलं जुन्या फोनात, मग दोन्ही जोडलं. तुम्ही हो म्हणालात असं आत्यांनी सांगितलं होतं." आणि तिनं फोन दाबला.

पहिला माझा आवाज. "दिवाळी तोंडावर आली, नांदेडला कामून जायचंय? म्हणावं, न्हाई जायचं. गुमान घरी बस म्हणावं." बरोबर. मी म्हणालोच होतो तसं. मग पैंजणाचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि सैपाकघरात माझी बायको बोलली, "हाव म्हणाले. थंडी लई हाय, शाल घेऊन जा म्हणाले."

तंबाखू तळहातावर तशीच राहिली. चुन्यानं कातडी पोळायला लागली तरी मला झटकायचं सुचलं नाही.

दुसरं. आता सुनेचा आवाज, जरा चढलेला. "आत्या, मामांना सांगा, उन्हातान्हात शेतात डबा नेणं मला जमणार नाही. माझं वाचन राहतंय." आणि लगेच वट्ट्यावर बायको मला सांगती, "सून म्हणती, मामांनी गार का खावं? दुपारचं घरी येऊन ऊन ऊन जेवावं." त्याच्यावर मी खुश होऊन काय म्हणालो तेबी त्यात होतं. "संस्कार लागतात त्याला!"

दोन सुगी मी शेतातून दुपारी तंगडतोड करत घरी येऊन राहिलो होतो. मोंढ्यात चारचौघांत सांगत होतो की माझी सून मला गार भाकर खाऊ देत नाही.

"बंद कर ते," मी म्हणालो.

ती लग्न होऊन घरात आल्यापासून मी तिच्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द. तिनं बंद केलं. ती म्हणाली, "नांदेडला लायब्ररीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीबी उठून बाहेर जाऊन बसले. मी सगळ्या मैत्रिणींना सांगत आले की माझे सासरे बोलत नाहीत, पण त्यांनी मला कधी नाही म्हटलं नाही. मला वाटत होतं, मामा, तुम्ही माझ्या बाजूनं आहात."

मी अंगणाकडं तोंड करून ओरडलो, "इकडं ये आधी!"

बायको सूप खाली न ठेवताच आली. फोन बघितला, आमची तोंडं बघितली, तिला सगळं कळलं. तोंडावर लाज म्हणून नाही.

"तुला उलटं सांगायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई. सरळ सांगितलं असतं तर ही पहिल्याच सालात बोचकं बांधून माहेरी गेली असती."

"आणि तिचं माझ्यापासून का लपवलं?"

"तुम्ही जेवलाच नसता. दोघंबी एका मापाचे. एक न्हाई म्हणणार, दुसरी जाणारच म्हणणार. मधी माझा जीव!"

"मग हे आजवर मी जे बोललो ते..."

"ते माझ्यापाशीच हाय," बायको म्हणाली. "आत काही गेलं न्हाई."

म्हणजे ज्या सुनेचं मी कौतुक केलं ती सून नव्हतीच, आणि ज्या सासऱ्याला ती मान देत होती तो सासरा मी नव्हतो. दोन्ही माणसं माझ्या बायकोनं चुलीपुढं बसून बनवली होती.

सून म्हणाली, "माझ्या सरांचं म्हणणं आहे की हाच माझ्या अभ्यासाचा गाभा. पण ज्याचं बोलणं, त्याची परवानगी पाहिजे. तुम्ही नाही म्हणालात तर मी हे सगळं काढून टाकीन. मग पीएच.डी. होईल असं मला वाटत नाही. पण तुमचं उत्तर मला तुमच्या तोंडून पाहिजे. परवा नांदेडला जायचंय."

मी उठलो आणि शेतात गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर घर मुकं. बायको म्हणाली, "आता माझं टपाल बंद. ज्याचं त्यानं बोलावं." मी नाही बोललो. चहा आला नाही, मागितला नाही. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, तशीच खाल्ली. आत सूनबी मुकी. खरं सांगतो, मला राग कमी आणि भीती जास्त वाटत होती. मी न्हाई म्हणालो की लोक ऐकतात, ह्याच्यावर मी सगळा जन्म मान ताठ ठेवून चाललो. आता प्रत्येक माणसाचं तोंड आठवून बघत होतो. ह्यानं तरी ऐकलं होतं का? मोंढ्यातला हमाल, सोयरे, माझा मुलगा. त्याच्यापर्यंत तरी माझं कधी सरळ पोचलं का?

तिसऱ्या दिवशी सकाळी सून पिशवी घेऊन बाहेर आली. बसची वेळ झालेली. माझ्यापुढं उभी राहिली, पण विचारलं नाही. तिनंबी ठरवलं होतं की आधी मी बोलायचं.

मी म्हणालो, "घे."

ती बघत राहिली.

"माझं बोलणं घे म्हणालो. पण एक अट. माझं न्हाई जसं हाय तसंच लिहायचं. त्याचं कुठं हाव करायचं न्हाई, सोज्वळ करायचं न्हाई. हिनं केलं तेवढं बास झालं. वाचणाऱ्याला कळू दे, म्हातारा न्हाईच म्हणाला होता."

"तसंच लिहीन, मामा."

मला वाटलं झालं. पण ती गेली नाही. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "मग माझंबी तसंच ऐका. पीएच.डी. झाली की मी नांदेडला नोकरी बघणार. मिळाली तर तिकडं खोली करून राहणार. यांच्याशी बोलणं झालंय."

हे असं. ना इज्जत, ना मामांचा शब्द मोठा. उघडं, तोंडावर. मला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

"न्हाई," मी म्हणालो. "घर सोडून राहायचं न्हाई."

"मी जाणार, मामा."

"मी न्हाई म्हणून राहिलो!"

"ऐकलं मी," ती म्हणाली. पाया पडली आणि फाट्याकडं चालायला लागली.

एवढं बोलणं झालं, आणि तिनं माझ्या डोळ्यांत बघून ऐकलं, आणि तरी निघून गेली. बायको सैपाकघराच्या दारात येऊन उभी होती, पदर तोंडाला लावून. हसत होती का रडत होती, मला कळलं नाही.

"ऐकलंस का," मी म्हणालो, "काय म्हणाली ती?"

"मला कामून सांगताव?" बायको म्हणाली. "तुम्हालाच म्हणाली."