मशीनला उतार नसतो

तीन महिने रोज पाऊण तास ट्रेडमिल. चढ बारावर. जिममध्ये माझ्याकडे बघून काकू लोक म्हणायच्या, "बाई गं, काय ही पोरगी!" आणि मी? मी हवेत! कारण आमच्या ट्रेकिंग ग्रुपला एक नवा व्हॉलंटियर हवा होता, रविवारी मागे पडणाऱ्यांना सांभाळून खाली आणणारा, आणि ती जागा मला हवी होती. वर्षभर हवी होती!

त्यात माझी मामेबहीण कोर्ससाठी आमच्याकडे राहायला आली. कळवणच्याही पुढच्या डोंगरातली, माझ्याहून वर्षाने लहान. एकदा हौसेने तिला जिमला नेलं. दोन मिनिटांत खाली उतरली. "ताई, पट्टा चालतोय, आपण तिथंच हाय की!" सगळी जिम हसली. मीही हसले, पण पोटातून नाही.

मग मीच तिला ग्रुपच्या ट्रेकला, धोडप किल्ल्यावर नेलं. मीच! म्हटलं बघू दे जरा आपला स्टॅमिना.

पहिल्या अर्ध्या तासात माझं पितळ उघडं पडलं. जिममध्ये मी दांड्याला धरून चालायचे हो! बारा काय नि पंधरा काय, अर्धं वजन हातांवर. इथे धरायला काय, तर गवत. प्रत्येक पाऊल वेगळं, एक दगड हलतो, पुढचा तिरका, घोटा सारखा सावरत बसतो. पाठीवर बॅग, डोक्यावर ऊन. ट्रेडमिलवर पंखा असतो, हे तेव्हा आठवलं.

तरी वर पोचले. खरी वाट लागली उतरताना. मशीनला उतार नसतोच! मांड्या अशा लटपटायला लागल्या की उभं राहिलं तरी थरथर. घसाऱ्यावर, त्या सुट्या निसटत्या मुरमावर, दोनदा बसले, सरळ बसले, धप्पकन.

आणि ही? साध्या सँडलमध्ये, पाय आडवे टाकत, तिरकी तिरकी उतरत होती. "ताई, सरळ नको उतरू. डोक्यावर गवताचा भारा हाय असं समज. आडवी हो, टाच रोव." लहानपणापासून भारे घेऊन उतरलीय म्हणे. मला इतका राग आला! भारा हा काय व्यायाम आहे? त्याची फी तरी भरलीय का तिने?

ग्रुपमधली दोन मुलं मागे रडकुंडीला आली होती. हिने एकाची बॅग घेतली, दुसऱ्याला म्हणाली, "चल रे वाघा, माझ्या पावलावर पाऊल दे." आणि आणलं दोघांना खाली. मी त्यांच्याही मागे होते, ते जाऊ द्या.

पायथ्याशी चहा पिताना लीडर दादाने तिला विचारलं, "रविवारी येशील का गं? शेवटच्यांना सांभाळायला?"

तिने माझ्याकडे बघितलं. "ताईला विचारा. तीच आणते मला."

सगळे माझ्याकडे! माझ्या तोंडून निघालं, "रविवारी तिचा क्लास असतो."

क्लास शनिवारी असतो.

तिला माहीत होतं. ती फुंकर मारून चहा प्यायली. एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर पायऱ्या चढताना कठड्याला धरत होते. ही मागून आली, हात काखेत घालून मला वर नेलं. न विचारता तेल गरम करून आणलं आणि माझ्या पोटऱ्या चोळायला बसली. "उद्या लय दुखतील, आताच चोळलेल्या बऱ्या." चोळतेही किती छान! काही एक तरी वाईट येत असेल ना हिला?

ती वाटी ठेवायला आत गेली. मी फोन घेतला नि ग्रुपवर टाइप केलं : क्लास शनिवारी असतो, माझी चूक. ती येईल.

पाठवलं. लगेच लीडर दादाचा अंगठा. मग आणखी चार. मग त्या दोन मुलांची हृदयं, लाल लाल, ओळीने. माझ्या वर्षभराच्या एकाही मेसेजला इतकी आली नव्हती.

आतून तिने विचारलं, "ताई, चहा टाकू का?"

"टाक," म्हटलं. रविवारचं सांगितलं मात्र चहा संपल्यावर.