व्हॉल्व्ह बंद, काटा चढता

कारखान्यात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. प्रेशर गेजचा काटा खरं बोलतो की थापा मारतो, हे तपासण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. यंत्रावर ठरावीक वजनं ठेवून तेलाचा दाब तयार करायचा, काटा त्याच आकड्यावर येतो का बघायचं, येत नसेल तर त्याला वठणीवर आणायचं. घरीसुद्धा चहात साखर घालताना चमचा डोळ्यांसमोर धरून बोटाने सपाट करणारा माणूस.

चार वर्षांपूर्वी त्यांनी व्यायामासाठी जागेवरची सायकल घेतली आणि मागच्या खोलीत ठेवली. तिच्या हँडलला एक जुना मोबाइल कायमचा बसवलेला. पायडल फिरलं की त्यातलं अ‍ॅप काटेवाल्यांच्या खात्यावर आपोआप सुरू व्हायचं. छातीला बांधायचा पट्टा ठोके मोजायचा आणि सकाळी अ‍ॅप एक वर्तुळ दाखवायचं. हिरवं असेल तर चालवा, पिवळं असेल तर जपून, लाल असेल तर गप्प बसा. काटेवाले तोंड धुण्याआधी आपल्या फोनवर ते वर्तुळ बघायचे.

सासूबाई निवृत्त गणित शिक्षिका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा सायकल बघून म्हणाल्या होत्या, "अहो, तासभर घाम गाळून माणूस जिथल्या तिथे? आमच्या गणितात याला शून्य म्हणतात!" जेवणाच्या टेबलावर सगळे पोट धरून हसले. काटेवालेही हसले. काय करणार, जावई पडले!

आणि एका मंगळवारी वर्तुळ लाल झालं.

'कामाच्या मानाने हृदयाचे ठोके फार जास्त. तीव्र थकवा. विश्रांती घ्या.'

काट्याचा मान राखणारा माणूस तो. त्यांनी सायकल बंद केली. दोन दिवस झाले, लाल. चार दिवस झाले, लालच. सातव्या दिवशी तर अ‍ॅपने लिहिलं, 'तुमची क्षमता झपाट्याने घटते आहे. डॉक्टरांना भेटा.'

काटेवाल्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी गेले होते. खुर्चीत बसून बूट घालत होते, एक नाडी बांधून झाली होती, दुसरी तशीच राहिली. काटेवाल्यांना एकावन्न पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. दुसऱ्या कुणाचं गेज असतं, तर त्यांनी आधी गेजवरच संशय घेतला असता. पण इथे काटा स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत होता. ते बघूनच त्यांना जिना चढताना दम लागू लागला, रात्री झोप येईना.

बोलले मात्र कुणाशीच नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'टाकीचा व्हॉल्व्ह: उजवीकडे फिरवून बंद.' 'हा फ्यूज मागच्या खोलीचा.' 'गिझर रिकामा करायला खालचा नळ उघडा.'

बायकोने चिठ्ठ्या वाचल्या आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"हे काय चाललंय?"

"तुला माहीत असावं म्हणून."

"वीस वर्षं मला गिझरला हात लावू दिला नाहीत. आता एकदम माहीत असावं? खरं सांगा."

मग त्यांनी सांगितलं. बायकोने लगेच फोन उचलून दुसऱ्या दिवशी दुपारची डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, ट्रेडमिलवर चालवलं, रक्त घेतलं. सगळे कागद बघून चष्मा काढला. "काका, तुमचं हृदय उत्तम आहे. माझं एवढं नाही. आलात ते बरं केलंत, घरी कुढत बसण्यापेक्षा शंभरदा बरं."

"पण अ‍ॅप…"

"ते तुमच्या अ‍ॅपला विचारा."

बायको औषधाच्या दुकानातून आईच्या गोळ्या आणायला गेली. काटेवाले बाहेरच्या बाकावर बसले आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं डोकं कारखान्यासारखं चालू लागलं. सायकल बंद, म्हणजे व्हॉल्व्ह बंद आहे, तरी काटा चढतोय. गेज ठीक असेल, तर याचा एकच अर्थ. कुठून तरी दाब येतोय!

त्यांनी फोन काढला. इतके दिवस वर्तुळ बघून ते फोन खिशात टाकत. आज बोटाने खाली सरकवलं. खाली यादी होती. काल साडेतीन, बावीस मिनिटं. परवा साडेतीन, वीस मिनिटं. त्याआधी अठरा. त्या वेळी ते रोज कारखान्यात वजनं ठेवत उभे असायचे.

घड्याळात तीन वीस झाले होते.

घरी पोचले तर मागच्या खोलीतून घरघर ऐकू येत होती. सायकलशेजारी स्टूल, सीट अगदी खाली उतरवलेलं, आणि छातीला पट्टा बांधून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन सासूबाई पायडल मारत होत्या. सीटच्या दांड्यावर पेन्सिलीची बारीक खूण होती, जावयांची उंची जशीच्या तशी परत लावण्यासाठी.

"आई!"

"बोलायला लावू नका," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "एकशे अठरा झालेत. गुडघ्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एकशे वीसच्या पुढे नको म्हटलंय. आकडा दिसल्याशिवाय कसं कळणार मला?"

काटेवाले मटकन जमिनीवरच बसले. सत्तरीच्या गुडघ्यांचा जोर आणि एकशे अठरा ठोके, सगळं त्यांच्या नावावर जमा होत होतं. अ‍ॅप बिचारं खरंच बोलत होतं. दमलेलं माणूस होतंच, फक्त दुसरं होतं. त्यांना हसू फुटलं, ते थांबेना, आणि डोळे कधी भरून आले ते त्यांनाही कळलं नाही.

मागून आलेल्या बायकोने आईला सगळं सांगितलं. सासूबाईंचे पाय थांबले.

"म्हणजे माझ्या पायी तुम्ही आठ दिवस अर्धमेले?"

"विचारायचं तरी होतंत."

"कुठल्या तोंडाने? शून्य म्हणाले होते ना मी!" त्या स्टुलावर पाय टेकत हळूच उतरल्या. पाय नीट वाकत होता. "दोघांचे पेपर एकाच नावावर, आणि नापास मात्र तुम्ही. शिक्षिका असून मला हे सुचू नये!"

त्याच संध्याकाळी अ‍ॅपमध्ये सासूबाईंचं वेगळं खातं उघडलं. काटेवाल्यांनी आपल्या यादीतून त्यांच्या फेऱ्या एकेक करून पुसल्या. रात्री ते असे झोपले की बायकोने दोनदा श्वास तपासून पाहिला. सकाळी वर्तुळ हिरवंगार. त्यांनी तोंडसुद्धा न धुता अर्धा तास सायकल चालवली आणि शिट्टी वाजवत बाहेर आले.

आठवड्याने सासूबाईंचं वर्तुळ पिवळं झालं. "आज जपून म्हणतंय," त्या म्हणाल्या, आणि विनातक्रार दुपारभर आडव्या झाल्या.

बायको तेव्हा ओल्या फडक्याने चिठ्ठ्या खरवडत होती.

"टाकीची तरी राहू दे," काटेवाले म्हणाले. "उपयोगी आहे ती."

"मुळीच नाही. तो व्हॉल्व्ह तुम्हीच बंद करायचा. मी शिकणार नाही."

काटेवाल्यांनी तिच्या हातातून फडकं घेतलं आणि राहिलेला डिंक स्वतः पुसून काढला.